केरीच्या रेतीत रुतलेली गाडी: आधी टायर, मग दाते, मोटर शेवटी

डिचोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची, फक्त मागची दोन चाकं ओढणारी, ब्रश मोटरची शॉर्ट कोर्स ट्रक (कच्च्या वाटेवरच्या शर्यतीच्या गाडीचा नमुना) जुनी विकत घेतली. केरीच्या किनाऱ्यावर नेली. ओल्या रेतीवर झकास धावली. कोरड्या रेतीत शिरली तशी मागची चाकं खड्डा करून बसली आणि दहा मिनिटांत मोटरला जळका वास आला. आठवड्याने घरी चाक फिरवून पाहिलं तर बेअरिंग करकरतंय. आता ३एस (तीन सेलची) बॅटरी आणि ब्रशलेस (आत कार्बनचे ब्रश नसलेली) मोटर घातली तर गाडी रेतीच्या टेकड्या चढेल का, आणि कुठला संच घ्यावा?

आहे त्या टायरांवर तो संच घातलास तर गाडी आतापेक्षा लवकर रुतेल. वाटल्यास लिहून ठेव. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. माझा धंदा होड्यांच्या मागच्या इंजिनांच्या दुरुस्तीचा, त्यामुळे गाडी अडली की हात आधी मोटरीकडे जातो. दोन मोटरी जाळल्यावर डोक्यात प्रकाश पडला. रेतीत चाक फिरतं तेवढी गाडी पुढे जात नाही. ते खालची रेती उपसून मागे टाकत असतं. जास्त ताकद दिली की जास्त वेगाने उपसतं, म्हणजे खड्डा लवकर होतो. रस्त्यावरच्या गाडीला मोटर महत्त्वाची, रेतीतल्या गाडीला टायर. पंख्याच्या जोरावर होडी चालत नाही का, तसंच. इंजिन तेच ठेवून पंखा चुकीचा लावला तर होडी जागच्या जागी फेस काढते.

तर टायर. तुझ्या गाडीवर आता बुटके ठोकळे असलेले टायर असणार. ते माती आणि खडीसाठी असतात. त्यांच्या खाचा पहिल्या दोन फेऱ्यांत रेतीने भरतात आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. कोरड्या रेतीला लागतात पॅडल टायर. गुळगुळीत अंगावर ठरावीक अंतराने आडव्या, चमच्यासारख्या पोकळ पट्ट्या असतात. कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या टेकड्यांवर खऱ्या गाड्या हेच टायर घालून पळतात, आपल्या छोट्या गाड्यांचे त्याच धर्तीवर बनतात. पुढे पॅडल लावायचे नाहीत. पुढच्या चाकांना फक्त दिशा द्यायची असते, म्हणून तिथे मधोमध गोल कड असलेले, बाकी सपाट टायर हवेत. ती कड रेती कापते आणि गाडी वळते. ठोकळ्यांचे टायर पुढे ठेवलेस तर वळताना ते रेती ढकलत बसतात, गाडी मात्र सरळच जाते.

पॅडलला दिशा असते. चमच्याचा पोकळ भाग रेती मागे फेकेल असा बसवायचा. मी पहिल्यांदा घाईत एक चाक सुलटं आणि एक उलटं चिकटवलं होतं. गाडी चालताना सारखी एका अंगाला ओढायची आणि मी तासभर रिमोटवरचा, स्टिअरिंग सरळ करायचा ट्रिम फिरवत बसलो होतो. रिमला सायनो गोंदाने चिकटवण्याआधी दोन्ही चाकं गाडीला लावून मागून बघ.

रिमला हवेसाठी बारीक भोकं असतात. ती बाहेरून टेपने बंद कर. नाहीतर त्यातून रेती आत जाते, फोममध्ये बसते आणि चाक लंगडं फिरू लागतं. खऱ्या गाडीत रेतीसाठी टायरमधली हवा कमी करतात. आपल्या टायरात हवा नसते, फोम असतो, म्हणून मऊ फोम घालायचा. टायर थोडा पसरतो आणि वजन जास्त जागेवर विभागतं.

घरी पॅडल करून बघायचे असतील तर बघ. मी सायकलच्या जुन्या टायरच्या पट्ट्या कापून गुळगुळीत टायरवर चिकटवल्या होत्या. दोन संध्याकाळी उत्तम चालल्या, तिसऱ्या दिवशी एक पट्टी सुटून माझ्याच पोटरीवर बसली. तेव्हापासून विकतचे घेतो.

एक अडचण आहे. ओल्या, घट्ट रेतीवर पॅडल ठकठक उड्या मारतात आणि झिजतात. आपल्याकडे तर गाडी उतरवली की आधी ओली रेती लागते. म्हणून चाकांचे दोन संच ठेव आणि जागेवर बदल. एक-दशांश गाड्यांना बहुतेक १२ मिमीचे षट्कोनी हब असतात, चार नट सोडले की काम झालं.

आता गिअरचे दाते. इथे बहुतेक जण हिशेब चुकवतात. समज तुझे मूळ टायर १०८ मिमी व्यासाचे आहेत आणि पॅडल १२० मिमीचे आले. व्यास सुमारे ११ टक्क्यांनी वाढला, म्हणजे गिअर न बदलता तू गाडी तेवढीच वरच्या गिअरवर टाकलीस. मोटरवर १९ दात्यांचं पिनिअन (मोटरच्या दांडीवरचं छोटं दातेरी चाक) असेल आणि त्याजागी १७ घातलंस तर जेमतेम टायरची भरपाई झाली. रेतीसाठी अजून काहीच केलेलं नाही. १५ वर ये. कमाल वेग उतरेल, उतरू दे. कोरड्या रेतीत तो वेग तुला मिळणारच नव्हता. ब्रश मोटरचा जळका वास इथूनच आला होता. मोटर तिच्या सोयीच्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नव्हती, आणि हळू फिरणारी मोटर जास्त करंट खाते. पिनिअन बदललं की दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून अंतर लाव, पट्टी काढ आणि चाक हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बघ.

मोटर किती तापते ते बोटाने ठरवू नको. कोविडच्या दिवसांत घरात आलेली ताप मोजायची गन वापरायचा मोह होईल, पण अंगाच्या तापासाठी लावलेली असेल तर तिचे आकडे ४३ च्या आसपास संपतात. कारखान्यात वापरतात तसली इन्फ्रारेड गन घे. दर पाच मिनिटांनी मोटरच्या डब्यावर मार. ७० अंश सेल्सिअसपर्यंत निर्धास्त, ८० ला थांबायचं. ब्रशलेस मोटरच्या रोटरमध्ये निओडिमियमचं चुंबक असतं. त्यातल्या साध्या दर्जाच्या चुंबकांची ताकद ८० च्या पुढे कायमची कमी होऊ लागते. एकदा तसं झालं की मोटर त्याच कामाला आणखी करंट ओढते आणि आणखी तापते.

इतकं करून आहे त्या ब्रश मोटरवर एक-दोन संध्याकाळी काढ. मग ठरव. माझा अंदाज आहे की निम्मी तक्रार इथेच मिटेल.

तरी ब्रशलेस घ्यायचीच असेल तर घे, रेतीत तिचा एक खरा फायदा आहे. ब्रश मोटरच्या आत कार्बनचे ब्रश तांब्यावर घासतात. तिथे रेतीचा कण गेला की ते घासणं सहाणेवर घासल्यासारखं होतं. ब्रशलेसमध्ये तो भागच नाही. पण केव्हीचा आकडा बघून घे. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला बिनभाराच्या किती फेऱ्या. ३५०० केव्हीची मोटर २एसच्या ७.४ व्होल्टवर २५,९०० फेऱ्या घेते. तीच ३एसच्या ११.१ व्होल्टवर ३८,८५० घेते, म्हणजे दात्यांवर कमावलेलं सगळं गेलं. त्याऐवजी २४०० केव्ही आणि ३एस जोड. फेऱ्या २६,६४०, जवळपास पहिल्याइतक्याच. फायदा कुठे? समज गाडीला रेतीत ३०० वॅट लागतात. २एसवर त्यासाठी ४० अँपिअर वाहतात, ३एसवर २७. तारा आणि स्पीड कंट्रोलर तापतात ते करंटच्या वर्गाच्या हिशेबाने, त्यामुळे तिथली उष्णता निम्म्याहून कमी होते. ३एस घ्यायचं ते या कारणासाठी, वेगासाठी नव्हे. तुझा सध्याचा ब्रश मोटरचा स्पीड कंट्रोलर ब्रशलेसला चालणार नाही, तो जोडीनेच बदलावा लागेल. त्यात लायपोची (लिथियम-पॉलिमर बॅटरीची) कटऑफ, म्हणजे व्होल्टेज उतरलं की मोटर तोडणारी सोय, चालू कर आणि सेलमागे ३.२ व्होल्टच्या आसपास ठेव. रेतीत भार एवढा असतो की बॅटरी कधी रिकामी झाली ते कळतही नाही.

सेन्सर (रोटर कुठे आहे ते सांगणारा) असलेली मोटर मिळाली तर ती बरी. बिनसेन्सरची मोटर थांबलेल्या अवस्थेतून भारासकट उठताना अडखळते, आणि रेतीत प्रत्येक सुरुवात भारासकटच असते.

स्लिपर क्लच पूर्ण आवळून पाव ते अर्धा फेरा सैल सोड. पॅडल एकदम पकडतात, तो झटका दात्यांवर जाण्याऐवजी क्लचने खायला हवा. मागच्या डिफरन्शिअलमध्ये (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीत) पातळ ग्रीस असेल तर घट्ट भर, म्हणजे एक चाक हवेत भिरभिरत राहून दुसरं गप्प बसणार नाही. पूर्ण लॉक करू नको, वळणं जातील. बॅटरी जितकी मागे सरकवता येईल तितकी सरकव, पण गाडी पुढून उचलू लागली तर परत ये. स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बरचं तेल आत्ता आहे तसंच राहू दे.

आता जिथे गाड्या खरोखर मरतात त्याकडे येतो. रेती आणि मीठ.

आपल्या किनाऱ्यावर ओल्या रेतीत कुठे कुठे काळसर पट्टे दिसतात. त्यावरून कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरव. काळे बारीक कण झुपकेदार मिशीसारखे चिकटून येतात. ते लोहयुक्त जड खनिजाचे कण आहेत. तुझ्या मोटरमध्येही चुंबकच आहे. पांढरी रेती आत गेली तर झटकून निघते, ही काळी आत गेली की चुंबकाला धरून बसते आणि रोटरच्या फटीत घासत राहते. पाण्याने जात नाही, फुंकर मारून जात नाही. मोटर उघडून चिकटपट्टीने टिपून काढावी लागते. म्हणून काळ्या पट्ट्यावरून गाडी नेऊच नये, आणि मोटरच्या भोकांवर काहीतरी जाळी हवी. मच्छरदाणीचा तुकडा लावू नको, तिच्या भोकांतून रेती आरामात जाते. जुना नायलॉनचा पायमोजा एकेरी ताणून बांध. दुहेरी केलास तर हवा अडते आणि मोटर तापते.

सगळ्या चॅसीवर मी रेक्झिनचं झाकण शिवून घेतलंय, कडेने वेल्क्रो. म्हापशाच्या बाजारात पिशव्या शिवणाऱ्या माणसाला गाडीच नेऊन दाखवली. तो हसला, पण माप अचूक घेतलं. शॉकच्या दांड्यांवर लहान मुलांच्या लांबट फुग्याचा तुकडा कापून चढव. दांडीवर रेतीने एक ओरखडा पडला की सील कापलं जातं आणि तेल गळायला लागतं.

उघड्या दात्यांना ग्रीस लावणारे भेटतील, त्यांचं ऐकू नको. ग्रीसला रेती चिकटते आणि घासायची पेस्ट तयार होते. ग्रीस फक्त बंद गिअरपेटीत. आत मात्र होडीच्या इंजिनाला वापरतात ते मरीन ग्रीस घाल, ते पाण्याने धुऊन जात नाही.

तुझं करकरणारं बेअरिंग फेकून दे. तुझ्यासारख्या गाडीत बहुतेक ५ × ११ × ४ मिमीची असतात, पण आधी जुनं काढून मोजून घे. नवीन घेताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली माग, पत्र्याच्या झाकणाची नको. ती तुझ्याकडे आठवड्याने का करकरली, त्याच दिवशी का नाही, हेही सांगतो. मीठ सुकलं तरी हवेतला ओलावा ओढून घेतं. कपाटात ठेवलेली गाडी कोरडी दिसते, पण बेअरिंगमध्ये रोज थोडं थोडं खारं पाणी तयार होत असतं. होडीचं इंजिन घरी आणल्यावर गोड्या पाण्यात चालवून आतून धुतात ते याच कारणाने. जो आळस करतो तो माझ्याकडे येतो आणि माझी चूल पेटते.

म्हणून किनाऱ्यावरून आल्याच्याच रात्री हे काम उरक, सकाळवर टाकू नको. आधी बॅटरी काढ. कोरड्या ब्रशने रेती झटक, सायकलच्या पंपाने हवा मार. मग बादलीभर गोड्या पाण्यात कापड बुडवून पुसून घे, चाकं आणि चाकांना धरणारे सस्पेन्शनचे हात मगभर पाण्याने धू. पाइपचा जोरदार फवारा नको, तो रेती सीलच्या आत ढकलतो. गाडीच्या खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी तो शब्द गोड्या पाण्यापुरता समजावा. पाणी हटवायला डब्ल्यूडी-४० मार, पण बेअरिंगच्या वंगणासाठी त्यावर भिस्त ठेवू नको. ते उडाल्यावर बेअरिंगमध्ये पातळ तेलाचा एक थेंब सोडायचा. बाहेर राहणारे स्क्रू एकेक करून स्टेनलेसचे कर. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लाव, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला नको. लायपो सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेव. भरलेली लायपो मे महिन्यात बंद गाडीत ठेवून जेवायला गेलेला माणूस मी पाहिलाय. जेवण महागात पडलं.

आता टेकड्या. तू विचारलंस चढेल का. कोरडी रेती स्वतःच्या वजनाने साधारण ३० ते ३५ अंशांवर टेकते, त्याहून उभी राहत नाही. चांगले पॅडल असलेली हलकी गाडी वेग घेऊन आली तर तसला चढ मारू शकते. पण गोव्यातल्या टेकड्यांवर मी गाडी नेत नाही आणि तूही नेऊ नकोस. २०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. रेतीच्या टेकड्यांचं सर्वेक्षण करावं आणि त्यांच्यावर कोणत्याही कामाला परवानगी देऊ नये, असं त्यात म्हटलंय. २०१९ च्या अधिसूचनेतही टेकड्या सर्वांत कडक वर्गात, सीआरझेड-१ए मध्ये आहेत. अडीच किलोच्या खेळण्याला कोण विचारतो, असं म्हणशील. पण पॅडल टायरचं कामच रेती उपसायचं आहे. टेकडी धरून ठेवते ती मर्यादवेल. तिची मुळं आणि पसरलेले वेल पॅडलने तुटले की त्या जागी वारा रेती उचलायला लागतो, आणि पावसाळ्यात तिथूनच टेकडी फुटते.

मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे कासवांच्या विणीचे म्हणून त्याच २०११ च्या अधिसूचनेत नावानिशी आहेत. नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास ऑलिव्ह रिडले तिथे अंडी घालायला येतात. पिल्लं बोटभर असतात, तुझ्या चाकाची चर त्यांना नाल्यासारखी वाटते. तिथे गाडी पिशवीतच राहू दे.

मग चढायचं कुठे? दर्या स्वतःच चढ बांधून देतो. पावसाळ्यात लाटा किनारा खरवडून नेतात, ऑक्टोबरपासून रेती परत येऊ लागते आणि भरतीच्या रेषेखाली एक उतरती पाठ तयार होते. कुठे हलकी, कुठे चांगली उभी. तिच्या खालच्या अंगाला घट्ट ओली रेती, वर जावं तशी सैल. पॅडलची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही, कारण तू केलेल्या चरा पुढची भरती पुसून टाकते. भरतीच्या रेषेच्या वर जायचं नाही, एवढं एकच बंधन.

वेळ तिथीवरून काढ. आमच्याकडे जुनी माणसं तिथीचा आकडा तीनने गुणून चारने भागतात, येतं ते पूर्ण भरतीचं घड्याळ. पुनवेला किंवा अवसेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेपाचच्या आत-बाहेर, सकाळीही आणि संध्याकाळीही. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण बेत ठरवायला पुरतं. त्या दिवसांत पाणी लांबवर आत जातं आणि किनारा रुंद मिळतो. अष्टमीला गेलास तर संध्याकाळी सहाला भरती पायाशी.

मच्छीमार रापण (किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर गाडी बंद करून बाजूला उभा राहा, जमलं तर दोरीला हात लाव. त्यांची रोजीरोटी चाललेली असते. आणि किनाऱ्यावर पडलेल्या तुटक्या जाळ्यांवर नजर ठेव. नायलॉनचा एक धागा एक्सलला गुंडाळला की तो सीलच्या आत शिरतो, आणि हे तुला बेअरिंग गेल्यावरच कळतं.

पहिल्या फेरीआधी फेलसेफ (रिमोटचा संपर्क तुटला की गाडी थांबवणारी सोय) तपास. गाडी डब्यावर ठेवून चाकं अधांतरी कर, थोडा थ्रॉटल दे आणि हातातला रिमोट बंद कर. चाकं थांबली पाहिजेत. नाही थांबली तर गाडीतल्या रिसीव्हरला फेलसेफ पुन्हा शिकव. माझी एक गाडी याच कारणाने सरळ लाटांत गेली होती. ती मला मिळाली, पण तिच्यातलं काहीही परत चालू झालं नाही.

पॅडल आणि १५ दात्यांचं पिनिअन घालून, आहे त्याच ब्रश मोटरवर, पाच मिनिटांनी तापमान किती आलं ते कळव. ७० च्या बऱ्यापैकी खाली असेल तर एक दाता वाढवायला हरकत नाही. त्यावर गेलं तर १४ वर जाऊ, आणि मगच मोटरच्या खरेदीचं बोलू.